मावशी गेली ती शेगडीमुळे

परवा वडवणीला मावशीच्या तेराव्याला गेले होते. जेवणं उरकली, पुरुषमंडळी मांडवात टेकली आणि आत बायकांची कुजबुज सुरू झाली... "पोरगी आली अन् आजीला घेऊन गेली. पायगुण, दुसरं काय."

पोरगी म्हणजे माझ्या मावसबहिणीची, सुनीताची तान्ही लेक. पहिलं बाळंतपण, म्हणून सुनीता माहेरी आली होती. ते शब्द तिच्या सासूबाईंच्या कानावर गेले आणि त्यांनी मांडीवरची नात हळूच खाली ठेवली.

आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात. बाजेखाली कोळशाची शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशोपा... आणि वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. मावशीचा यात हातखंडा, घरातल्या सगळ्या बाळंतिणी तिनेच शेकल्या.

पण त्या जुन्या पत्र्याच्या घरात. तिथे पत्रा आणि भिंतीच्या फटीतून चिमण्या ये-जा करायच्या. आता काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, स्लॅबचं घर बांधलं, सरकत्या काचेच्या खिडक्या बसवल्या... धुळीचा कण आत येत नाही, याचं मावशीला कोण कौतुक.

त्या दिवशी गारठा होता, म्हणून शेक झाल्यावरही शेगडी आतच राहिली. निखारे नुसते लाल, धूर नाही, वास नाही... मावशी "डोकं जड झालंय, जरा पडते" म्हणाली, ती उठलीच नाही. सुनीता खोलीबाहेर येऊन कोसळली. बीडला डॉक्टरांनी सांगितलं, बंद खोलीत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड वायू साठला होता. सुनीता थोडक्यात वाचली.

हेच मी बायकांना सांगायला गेले, पण ऐकतंय कोण? "आमी न्हाई का शेकून घेतलं? आमाला कावून काई झालं न्हाई?" राग आला, पण त्याहून जास्त रडू आलं. त्या एवढ्याशा जिवाला हे जन्मभर ऐकावं लागणार...

तेवढ्यात काका आत आले. त्यांनी दारातून सगळं ऐकलं होतं. त्यांनी लेकराला उचललं.

"म्या हिला भाईर उन्हात घेऊन बसलतो. ही लई रडाय लागली, म्हणून सुनी पाजायला भाईर आली. ही गप ऱ्हायली असती तर दोघी मायलेकी आतच गेल्या असत्या." मग विहीणबाईंकडे बघत म्हणाले, "खिडक्या म्या बसवल्यात. बोल लावायचा तर मला लावा."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि हात पुढे करून नातीला घेतलं. सुनीता इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने रडली.

कळकळीने सांगते, कोळशाची शेगडी खोलीत नकोच. बाळंतिणीला तव्यावर कापड गरम करून शेका. आणि विस्तवाजवळ डोकं जड झालं, मळमळलं, तर पडून राहू नका... आधी सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि दवाखाना गाठा.

मावशी, तू सगळं मायेनेच केलंस गं... एवढं एकच तुला सांगणारं कुणी भेटलं नाही.