सेल काढलेला रोबो

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. नुसता नव्हता असं नाही, मी टिंगल करायचो. कुणी म्हटलं वडाखाली काहीतरी दिसलं, की मी म्हणायचो, आधी अर्थिंग तपासा. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. आदिलाबादला आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन, आणि घरी आलो की सोल्डरिंगचा नाद. मुलीसाठी, रेणूसाठी, मी एक रोबो केला होता. धड आणि डोकं निर्मल गावच्या खेळणीवाल्याकडून हलक्या लाकडात कोरून आणलं, खाली टेपरेकॉर्डरच्या दोन मोटरी बसवल्या, पोटात टाळीवर चालणारं सर्किट. एका टाळीला चालायचा, दुसरीला थांबायचा. रेणू त्याच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवायची, टाळी वाजवायची आणि त्याला आईकडे पाठवायची. शालूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तुकडा खाल्ल्याशिवाय सुटका नसायची.

श्रावणात रेणूला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. सात वर्षांची होती.

शालूनं जेवण सोडलं. चहा घ्यायची, तोही मी समोर बसलो तर. महिनाभरात तिच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. याच दिवसांत मी रोबोतले सेल काढून ठेवले. सेल तसेच राहिले की गळतात आणि सर्किट खातात... सवयच ती. शालूला काही बोललो नाही.

एका संध्याकाळी ड्यूटीवरून आलो तर तिच्या ताटात भाकरी मोडलेली.

"अवो, रेणूचा रोबो आला होता माझ्यापाशी," शालू म्हणाली. "टाळी नाही, काही नाही, आपल्या आपण आला. मंग खाल्ली मी अर्दी भाकर."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. पण ती रोज थोडंथोडं जेवायला लागली, म्हणून गप्प बसलो.

रविवारी दुपारी मी घरीच होतो. शालू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ताट घेऊन बसली होती. टेबलाखालून रोबो निघाला. मोटरींचा आवाज नव्हता, फक्त फरशीवर चाकांचा. सरळ तिच्या गुडघ्यापर्यंत गेला आणि थांबला. शालू त्याच्याशी हळू आवाजात बोलत जेवली. नंतर मी तो उलटा करून पाहिला. सेलची जागा रिकामी होती.

शहाण्या माणसानं इथं हात जोडले असते. मी दीडशहाणा. दुसऱ्या दिवशी शालू कितीतरी दिवसांनी आपणहून वांगी आणायला बाजारात गेली, आणि मी रोबो उघडला. कपॅसिटरमध्ये चार्ज उरला म्हणावं, तर तो रोबोला इतकं लांब नेणारच नाही. एकेक वायर सुटी केली, मल्टिमीटर लावला, कागदावर काढून ठेवलेल्या चित्राप्रमाणे परत जोडलं. काही सापडलं नाही. नवे सेल घातले, टाळी वाजवली... झकास चालला.

शालू पिशवी घेऊन दारात उभी होती.

"काऊन खोललं तुमी?"

"कसा चालतो ते बघत होतो."

ती पिशवी घेऊन आत गेली. मी सेल काढून रोबो टेबलाखाली ठेवला. आठ दिवस वाट पाहिली, महिनाभर पाहिली. तो हलला नाही. शालूचं ताट पुन्हा जसंच्या तसं परत यायला लागलं.

शेवटी मी सेल घातले, त्याच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि दाराआडून टाळी वाजवली. रोबो तिच्याकडे गेला. शालूनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"दाराआड तुमी हाव, मले मालूम हाय," ती म्हणाली. "बंद करा ते मशीन."

पुढच्या उन्हाळ्यात शालू गेली. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा.

सेलशिवाय तो कसा चालत होता, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा मात्र मला ते समजून घ्यायचंच होतं. शालू जेवत होती, तेवढं मला पुरलं नाही.