आत्याचे वाळत घातलेले हात

माझ्या आत्याइतकी मला लाज आणणारी व्यक्ती अख्ख्या नाशकात दुसरी नसेल. गंगापूर रोडवर खाली तिचं प्रसूतिगृह, वर आमचं घर, आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेले रबरी हातमोजे. वारा सुटला की ते रस्त्यावरच्यांना टाटा करत. माझ्या कॉन्व्हेंटच्या मैत्रिणी खालून उलट टाटा करायच्या आणि मी पडद्याआड जायची. एकदा वापरून फेकायची चैन तेव्हा नव्हती. ग्लोव्हज धुवायचे, वाळवायचे, भोकं तपासायची, उकळायचे, पुन्हा घालायचे. बाकीचे डॉक्टर हे काम आयांवर सोपवत. आत्या स्वतः प्रत्येक ग्लोव्ह गरकन फिरवून त्यात हवा कोंडायची, फुगलेली बोटं दाबायची आणि गालाशी धरून डोळे मिटायची. जेवताना, रेडिओ ऐकताना, एकदा तर शेजारच्या सत्यनारायणाला. गालाला बारीक हवा लागली की "गेला बिचारा," म्हणून ती त्याच्या मनगटाच्या चकत्या कापायची. त्या रबरी कड्यांनी आमच्या घरात सगळं बांधलं जाई: पापडाचे डबे, उदबत्त्या, माझी वेणी. "लाजतेस काय? उकळलेलं आहे!"

मला बघायला नामपूरचे कांद्याचे व्यापारी आले, त्या दिवशी तरी दोरी रिकामी ठेव, असं मी विनवलं होतं. ठेवली नाही. मुलगी जरा अबोल आहे, हे तिने आधीच कळवलेलं. पोहे चालले होते तोच सायखेड्याच्या डॉक्टरांचा फोन आला. बाळ झालंय, वार अडकलीय, रक्त थांबत नाही, जीप निघालीय. सकाळच्या बाळंतपणांत उकळलेले ग्लोव्हज संपले होते. आत्याने दोरीवरचे सगळे ओढून आणले आणि माझ्या नव्या साडीवर टाकले.

"मी खाली टेबल लावते. तू तपास. चांगले तेवढेच उकळायला दे."

"आत्या, आत्ता? यांच्यासमोर?"

"सिस्टरच्या बोटाला सकाळी चीर पडलीय. ती काय उघड्या जखमेने रक्तात हात घालणार?"

मी पहिला फिरवला, पावडर लावलेल्या गालाशी धरला. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घालून बसला. त्याची आई पुढे सरकली. "हाई काय शे वं माय? तठे बाई मराले टेकनी, आन आठे फुगा खेयी राहिनात!"

जिन्यातून आत्या ओरडली, "गळतोय का गं? मोठ्याने सांग!"

"गळका," मी म्हणाले. त्या कार्यक्रमात मी बोलले तो एवढाच शब्द. पण तो पुष्कळदा बोलावा लागला.

जीप आली तेव्हा ग्लोव्हज उकळून तयार होते. बाई वाचली. संध्याकाळी आत्या सिस्टरला हाताला धरूनच वर घेऊन आली आणि तिचं बोट माझ्यासमोर धरलं. पट्टी कोरडी होती.

नामपूरचा निरोप चारचौघांतून फिरत आला: मुलगी चांगली, पण घरात हात लटकतात. तेव्हा प्रथमच मी आत्याला लाजलेली पाहिली. "माझ्यापायी गेलं गं तुझं स्थळ," म्हणाली आणि मान वर न करता माझी वेणी घालत बसली.

आता पाकिटातले ग्लोव्हज येतात, एकदा वापरून टाकायचे. दोरीवर उशांचे अभ्रे असतात. आत्या गॅलरीत येते, दोरीकडे बघते आणि हात कुठे ठेवावेत ते न सुचून आत जाते. जुनी कडी तिने एका डब्यात जपून ठेवली आहेत. मी अजून त्यातलंच वेणीला लावते. कोणी बघितलं, की पदर ओढून घेते.