विजेचं वजन

आमच्या मामंजींचा तराजूवर जितका विश्वास होता, तितका माणसांवर नव्हता. अंबडच्या बाजारात त्यांचं धान्याचं दुकान. त्यांनी रेडिओ घेतला तेव्हा आमच्याकडं वीज नव्हती. रेडिओची बॅटरी मोटारीनं जालन्याला जायची आणि चार्ज होऊन परत यायची.

एकदा त्यांनी ती पाठवताना तोलली आणि आल्यावर पुन्हा तोलली. वजन जसंच्या तसं.

“सूनबाई, फसवलं की आपल्याला. वीज भरलीच न्हाई.”

मी इंटर सायन्स झालेली नवी सून. (आल्यागेल्याला चहाच्या आधी हे सांगितलं जायचं.) मी म्हटलं, “मामंजी, वीज भरली की वजन वाढतं, पण इतकं कमी, की कुठल्याच काट्याला ते कळायचं नाही.”

शेजारचे कापडवाले शेठजी हसले. “वजनच न्हाई, तर मंग माल कशाचा?”

मामंजींचा चेहरा पडला. संध्याकाळी सारी गल्ली रेडिओ ऐकायला येणार होती, आणि इथं त्यांच्या शिकलेल्या सुनेची इज्जत पणाला लागलेली.

“आत्ता दाखवते,” म्हणत मी सांडशी आणली आणि पारड्यातल्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवी टेकवली. (असं करू नये, हे पुस्तकात होतं. का, ते नव्हतं.)

ताडकन ठिणग्या उडाल्या. माझ्या हातून सांडशी सुटली, मामंजींच्या हातून तराजू, आणि बॅटरी त्यांच्या धोतरावर कलंडली. शेठजी पोत्यांमागं गेले.

“हाय, माल हाय,” तिथूनच ते म्हणाले.

मामंजींची छाती फुगली. मी बॅटरी सरळ केली, त्यांच्या धोतरावर तांब्याभर पाणी ओतलं. “मामंजी, ते तेजाब आहे. जल्दी धोतर बदला.”

“बदलतो ना. आधी लोकांना सांगून तर येतो.”

सांगता सांगता संध्याकाळ झाली. रेडिओ खणखणीत वाजला. गाणी संपल्यावर सुनेच्या शिक्षणाबद्दल दोन शब्द बोलायला मामंजी उभे राहिले. धोतराचा पुढचा भाग मात्र गादीवर बसूनच राहिला.

“बघा,” चादर गुंडाळत ते शेठजींना म्हणाले, “तेजाब हाय म्हणली होती. बिलकुल बराबर निघालं.”

त्यानंतर बॅटरी आली, की ते बाजाराला ऐकू जाईल असं सांगायचे, “आमच्या सूनबाईशिवाय हिला कुणी हात लावायचा न्हाई.” आणि मी हात लावेपर्यंत, धोतर सावरत, रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहायचे.