भावाच्या टँकमधल्या गोमी

माझा धाकटा भाऊ जाऊन सात महिने झाले तेव्हा त्याच्या टँकमध्ये गोमी झाल्या. खऱ्या गोमी नव्हेत. ते समुद्रातले किडे, त्यांना ब्रिसल वर्म म्हणतात, हे मला नंतर कळलं. पण बोटभर लांब, तांबूस, दोन्ही अंगांना केस असलेलं काही दगडाच्या फटीतून सरपटत आलं, की आमच्या सांडोर गावात कोणीही त्याला गोमच म्हणणार. मम्मीने एकदा वाकून पाहिलं, "गोम आहे," म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. एरवी घरात पाल दिसली तरी ती झाडू घेऊन उभी राहायची.

भाऊ हायवेवर गेला. बाईकच्या अपघातात. लोक विचारतात म्हणून मी एवढं पाठ करून ठेवलंय, याहून जास्त विचारू नका. त्याच्यामागे उरलेलं जिवंत असं एकच, हॉलमधला तो तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक. आत दगड, दगडांवर मऊ प्रवाळ, आणि नारिंगी माशांची एक जोडी. मी वालीवच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघते, माशांतलं मला तव्यावरचं तेवढं कळतं. तरी टँक मरू द्यायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. दुसरं काही मला तेव्हा वाटतच नव्हतं. चर्चमध्ये मिस्साला बसले तरी नाही, कबरीवर फुलं ठेवली तरी नाही. रडायचं राहूनच गेलं होतं.

आधी दोन गोमी दिसायच्या, मग दहा. पुढे पुढे तर टँकचा दिवा बंद झाला की सगळे दगड वळवळायला लागायचे. प्रवाळं मिटून बसली, काच हिरवट झाली. मी चिमटा घेऊन एक ओढली, तिचे दोन तुकडे झाले, आणि माझं डोकंच फिरलं. हातमोजा न घालता दुसरी सरळ बोटांनी धरली. बोटात तिची कुसळं घुसली. सेलोटेप चिकटवून चिकटवून ती काढली. बोट आधी चरचरलं, मग दोन दिवस बधिर होतं. त्याचं मला विशेष काही वाटलं नाही. बाकीची मी तशीच होते, त्यात आणखी एक बोट.

मग बाटलीत कोलंबीचा तुकडा घालून सापळा लावला. सकाळी बघितलं तर आत वीसेक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही म्हणतात, ते खरंच. आमच्या घराला मात्र पाय चारच होते.

शेवटी एका शनिवारी सुट्टी काढली, टँकमधलं पाणी बाटलीत भरलं आणि चंदनसारला गेले. भाऊ टँकचं सगळं सामान तिथल्याच एका दुकानातून आणायचा. दुकानदाराने पाणी तपासलं, मान हलवली.

"ताई, त्यांना मारून काय होनार? ते झाडूवाले हायत. उरलेलं खातात, टँक साफ ठेवतात. कचरा वाढला म्हणून झाडूवाले वाढले. तुम्ही खाना किती टाकता?"

"संध्याकाळी एक चिमूट."

"एका चिमटीवर एवढी फौज नाय होत. घरात अजून कोनतरी टाकतंय. असंच चाललं तर महिन्याभरात जोडी पन जाईल."

मला राग आला. मला खोटं पाडतो म्हणून आला, आणि इतक्या दिवसांनी काहीतरी आलं म्हणून बरंही वाटलं. घरी पोचले तेव्हा मम्मी-डॅडी जेवत होते. चपला न काढताच मी विचारलं, "माशांना कोण घालतं?"

डॅडी ताटात बघत म्हणाले, "सकाळी मी. वाडीत कामाला जायच्या आधी. थोडंसंच."

मम्मी त्यांच्याकडे बघतच राहिली. "मी दुपारी घालते," ती म्हणाली. "कोलंबी बारीक करून. तुम्ही झोपता तेव्हा."

"आणि मी संध्याकाळी," मी म्हटलं. "एकमेकांना सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं?" मम्मी म्हणाली. "मला वाटलं, तुम्हा दोघांना त्याची आठवणच राहिली नाही. नाव तरी घेता का त्याचं?"

मला नेमकं हेच त्या दोघांबद्दल वाटत आलं होतं. डॅडींच्या तोंडावरूनही दिसत होतं, त्यांनाही तेच वाटत होतं. एका छपराखाली राहून तिघं तीन वेळा त्या काचेपुढे उभे राहत होतो आणि बाकीच्या दोघांना दगड समजत होतो. मला लाज वाटली.

दुकानदाराने सांगितलेलं मी सांगितलं. महिनाभर एक दिवसाआड, एकदाच, एकच चिमूट, तीही एकाच माणसाने. डॅडी म्हणाले, "तुझ्या मम्मीला घालू दे." मीही हो म्हटलं. हो म्हणताना कळलं की माझी संध्याकाळ गेली. कामावरून आल्यावर त्या काचेपाशी उभी राहून मी त्याला दिवसभराचं सगळं सांगायचे, सुपरवायझरला घातलेल्या शिव्यांसकट.

दुसऱ्या दिवशी रविवारची मिस्सा आटपून आल्यावर मम्मीने हात धुतले, खाण्याची डबी घेतली, चिमूट केवढी ते मला दोनदा विचारलं. मग घातलं. मासे वर आले, खाऊन खाली गेले. मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

"आता उद्या नाही ना?"

"उद्या नाही. परवा."

तिने डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं.

"मग उद्या मी काय करू?" तिने विचारलं.

डॅडी उठून वाडीत निघून गेले. मलाही कोणालातरी हेच विचारायचं होतं.