शिंपल्यातले बुद्ध

शाळेत तास चालू असताना शिपाई सांगत आला, "बाई, कळसहून फोन हाय." मला वाटलं, दाजीच असणार. बारामतीला शाळेत फोन लावून "मास्तरीणबाई, पोरं शिकवता का नुसती वरडता?" असं विचारायची त्यांची जुनी खोड. पण पलीकडं अक्का होती, माझी थोरली बहीण. "तुझं दाजी गेलं गं..."

कळसला चारचौघांसारखी शेती करणारा हा माणूस मध्येच मोत्यांच्या नादी लागला. कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आला आणि विहिरीशेजारच्या हौदात जाळीच्या पिशव्यांतून शिंपले टांगले. बरं, मोतीही साधे नकोत! बुद्धाचा इवलासा साचा करायचा, जिवंत शिंपला अलगद किलकिला करून आत सरकवायचा. वर्षभरात शिंपला त्यावर मोत्याचा थर चढवतो. पहिला बुद्ध अक्काच्या गळ्यात, असा शब्द दिलेला. "लोक सराफाकडं जातात, आमचे दाजी चिखलात," मी चिडवायची. "जळतीस व्हय अक्कावर?" हे त्यांचं उत्तर तयार.

शिंपले उजनी धरणाच्या फुगवट्यातून आणायचे. गुडघाभर पाण्यात पायानं चिखल चाचपायचा, टाचेला टणक लागलं की हात घालायचा. पहिल्या खेपेला पाट्या भरल्या, पण ते सगळे शिंपले उन्हाळ्यात हौदातच मेले. दुसऱ्या खेपेला दिवसभर चिखल तुडवूनही पाटीचा तळ झाकेना. वाळूवाल्यांनी काठ खरवडून नेला होता, कोंबडीखाद्यासाठी शिंपल्यांच्या ट्रॉल्या जात होत्या. "आन् आमी बी त्यातलंच की," दाजी म्हणाले. मिळाले तेवढ्यांच्या पाठीवर खिळ्यानं फुली ओढून त्यांनी आत बुद्ध बसवले.

वर्ष भरलं. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून हौदाशी बसली, मीही मुद्दाम गेले होते. दाजींनी शिंपला हातात घेतला, सुरी लावली... आणि खाली ठेवली.

"पुरतं उघडलं की मरतंय हे. तितं पाण्यात आता बियाला बी उरलं न्हाय. बुद्धासाठी जीव घ्यायचा व्हय?"

"अहो, एक तरी!" मी अक्षरशः भांडले. ऐकतोय कोण! सगळे शिंपले फुगवट्यात नेऊन त्यांनी चिखलात एकेक उभा रोवला. अक्का कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. "तुझ्या अक्काचा बुद्ध हाय की, पाण्यात हाय," ते मला हसून सांगायचे. मला तेव्हा त्या हसण्याचा फार राग यायचा.

दाजींसाठीचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, तेव्हा अक्का म्हणाली, "चल." जन्मात फुगवट्याच्या पाण्यात पाय न घातलेली माझी बहीण लुगडं खोचून आत शिरली, आणि दाजींसारखीच पायानं चाचपू लागली. "अगं बया, बारकी बारकी हायत गं!" तिच्या ओंजळीत नखाएवढे शिंपले होते. ती हसत होती आणि रडतही होती. मग तिच्या टाचेला मोठा लागला. धुऊन पाहिला, तर पाठीवर फुली.

"उघडूया?" माझ्या तोंडून गेलंच.

अक्कानं तो शिंपला गळ्याशी धरला. पाणी लुगड्यावर निथळत होतं.

"त्यांच्या हातानं उघडला न्हाय. माझ्या हातानं उघडंल व्हय?"

आणि वाकून तिनं तो चिखलात पुन्हा उभा रोवला.