रेघ नसलेली वस्ती

धम्मप्रियाला ऋतुराज डोळ्यांपुढे नकोसा व्हायचा आणि ऋतुराजला धम्मप्रिया. तरी सात रस्त्याजवळच्या त्या ऑफिसात दोघांची टेबलं समोरासमोर. तो प्रमुख, ती त्याच्या हाताखाली, आणि कुणाच्या हाताखाली गुमान राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं. जरा गोड बोलत जा की, असं कुणी सुचवलंच तर ती म्हणायची, "गोड हवं तर मिठाईच्या दुकानात जा."

काम टँकरचं होतं. सांगोला भागात एका खासगी कंपनीचे टँकर पाणी वाटायचे. कुठला टँकर कुठल्या विहिरीवर भरला आणि कुठल्या वस्तीवर रिकामा झाला, ते हे लोक संगणकात मांडायचे. विहीर, टँकर, वस्ती हे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. ग्राफ डेटाबेस म्हणतात तो हाच. आदल्या दिवसांच्या रेघा बघून यंत्र पुढच्या फेऱ्या ठरवायचं; टँकर कुणाच्या हाती द्यायचा ते ऋतुराज ठरवायचा. पण या नोंदींची दुपारी येणारी फाइल म्हणजे अजस्र प्रकरण. ती संगणकात चढता चढता संध्याकाळ उलटायची, फेऱ्या उशिरा निघायच्या आणि ड्रायव्हर फोनवर शिव्या घालायचे.

"मोठं मशीन घ्यावं लागेल," ऋतुराज म्हणाला.

"मशीन आहे. डोकं घ्या कुठूनतरी," धम्मप्रिया सगळ्यांदेखत म्हणाली.

एवढं बोलल्यावर करून दाखवणं आलंच. फाइलमधल्या एकेका ओळीसाठी यंत्र सगळे ठिपके धुंडाळायचं, आणि सापडला नाही तर नवा ठिपका काढायचं. वेळ तिथंच जात होता. तिनं सगळ्या वस्त्यांचे ठिपके कागदोपत्री नावांनी आधीच बसवून घेतले. त्यांना इंडेक्स लावला, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय, हवं ते पान थेट उघडावं. मग ओळींचे बेताचे गठ्ठे करून नुसत्या रेघा ओढायला लावल्या. नवा ठिपका काढायचाच नाही. सापडला नाही, तर ती ओळ सोडून पुढं जायचं.

फाइल चहा गार व्हायच्या आत चढली. ऋतुराजचं तोंड कारल्यासारखं झालं, आणि तिला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दोन-तीन दिवसांनी तिच्या आईचा, मीनाबाईचा फोन आला. आई अजून सांगोला भागातल्या त्यांच्या वस्तीवरच राहायची. "प्रिया, आज टँकर आला न्हाय गं. बायका रिकामे हंडे घेऊन बसल्यात."

"बघते," म्हणून हिनं फोन ठेवला. काल आला होता का, एवढंसुद्धा विचारलं नाही.

त्या वस्तीची फेरी गुरप्पाकडं असायची. हा मैंदर्गीचा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा ड्रायव्हर तिला अक्का म्हणायचा. वस्तीची वाट ओढ्यातून जाते. बाकीचे ड्रायव्हर डांबरीवरच थांबून मोकळे व्हायचे, गुरप्पा मात्र टँकर दारापर्यंत न्यायचा. तिनं स्क्रीन उघडली. काल, परवा गुरप्पाचा टँकर विहिरीवर भरलेला दिसत होता. रिकामा झालेला कुठंच दिसत नव्हता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या आईच्या तोंडचं पाणी हा विकतो काय!

ऋतुराजला गाडी काढायला लावून तिनं सांगोल्याचा टँकरचा अड्डा गाठला. सगळे ड्रायव्हर उभे होते. त्यांच्यादेखत तिनं विचारलं, "कुठल्या ढाब्याला विकलंस पाणी?"

"अक्का, काल परवा वस्तीवरच ओतलो की मी. आज मला फेरीच दिली न्हाईत."

"स्क्रीन खोटं बोलत नाही. चोर आहेस तू."

ऋतुराजनं किल्ली काढून घेतली. धम्मप्रियानं तिथूनच आईला कळवलं की ड्रायव्हर चोर निघाला, त्याला हाकललं. वस्तीसाठी दुसरा ड्रायव्हर फोनवर सांगून लावून दिला.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "आलं बाई पाणी. पर मेल्यानं डांबरीवर सोडलं. हंडे वाहून मान मोडली."

पाणी पोचलं होतं. स्क्रीनवर मात्र या नव्या ड्रायव्हरचा टँकरही भरलेला, आणि रिकामा कुठंच नाही. धम्मप्रियानं मूळ फाइल उघडली. टँकर रिकामा केला की ड्रायव्हर मोबाइलवर जागा नोंदवायचे, आणि त्या भागात वस्तीला तिथल्या जुन्या माणसाच्या नावानं ओळखायची रीत. गुरप्पानं नोंदवलं होतं, या नव्यानंही नोंदवलं होतं: धोंडिरामची वस्ती. बाकी वस्त्यांचं कागदावरचं नावही तसंच असायचं, फक्त या वस्तीचं कागदावर, आणि म्हणून ठिपक्यावरही, सिद्धार्थनगर होतं. ठिपका सापडला नाही, म्हणून यंत्र तिच्याच हुकमानं ती ओळ सोडून पुढं गेलं होतं. दोन दिवस रेघ नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी यंत्रानं फेरीही काढली नव्हती.

धोंडिराम तिचा आजा. तिच्यासाठी दोन्ही नावं एकच होती. यंत्राला ते ठाऊक नसणार, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

तिनं दुरुस्ती केली. दोन्ही नावं एका ठिपक्याला जोडली, न सापडलेल्या ओळी वेगळ्या काढून दिसतील असं केलं. वेग तसाच राहिला. मग तिनं ऋतुराजला खरं सांगितलं.

"आता कशाला उकरताय?" तो पहिल्यांदाच तिच्याशी गोड बोलला. "ड्रायव्हर चोर म्हणून कंपनीला कळवून झालंय. तुमचं नाव होतंय, होऊ द्या."

त्या घटकेला तिला त्याची जेवढी किळस आली तेवढी कधीच आली नव्हती. स्वतःची त्याहून जास्त आली, कारण क्षणभर ती गप्प बसली होती.

गुरप्पा अड्ड्यामागच्या टपरीवर भेटला. तिचं ऐकून घेतलं, उठला नाही. "मॅडम, चोर सगळ्यांपुढं म्हणालात. हे मला एकट्याला का सांगायलात?"

अक्काची मॅडम झाली होती. ती अड्ड्यावर गेली आणि सगळ्यांपुढं म्हणाली, "गुरप्पानं पाणी पोचवलं होतं. चूक माझी." ऋतुराजला किल्ली परत द्यावी लागली. गुरप्पानं ती घेतली आणि सांगितलं, "कुठंही पाठवा. त्या वस्तीवर जाणार न्हाई. बाजारात तितल्या बायका मला बघून थुंकल्या."

तिनं आईला फोन लावला. सगळं सांगितलं. मीनाबाई म्हणाली, "भल्या माणसावर थुंकायला लावलंस आमाला. मला एकटीला फोनवर सांगून काय हुतंय? हितं ये. हंडा घे, डांबरीवरनं आमच्यासंगं चाल, आन् एकेकीला तुज्या तोंडानं सांग."

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर भरला हंडा घेऊन ओढ्यात उतरली. पुढं चालणाऱ्या शेजारच्या मावशीनं मान न वळवता विचारलं, "त्या चोराला आत घातला का न्हाय गं?"

"चोर कुणी नव्हता, मावशी," धम्मप्रिया म्हणाली. "तुमचं पाणी मी तोडलं."

मावशीनं हंडा खाली ठेवला आणि मागं तिच्याकडं वळली.