पोलादावरच्या कुरडया

आयर्लंडमधल्या मलिंगारच्या हॉस्पिटलात नोकरी लागल्यावर आम्ही गावाबाहेर घर घेतलं. शेजारी सत्तरी ओलांडलेली एक अमेरिकन शिल्पकार राहायची. तिच्या कुरणात पोलादाचे भलेमोठे, वाकवलेले पत्रे उभे-आडवे मांडलेले. ना माणूस, ना घोडा, ना देव. तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये समीक्षकांनी तिच्या कामाला भंगार म्हटलं होतं. पुढे म्युझियमांनी तेच भंगार मागून नेलं. आयर्लंडला ती एका उन्हाळ्यापुरती आली आणि राहूनच गेली. हे सगळं ती मजेत सांगायची.

मे महिन्यात माझी आई अकोल्याहून आली, बॅगेत सोऱ्या घेऊन. एका लख्ख दुपारी ड्युटीवरून परतले तर आई कुंपणापलीकडे. शेजारणीच्या सर्वांत मोठ्या, आडव्या पत्र्यावर आमची चादर आणि चादरभर ओल्या कुरडया. मी धावतच कुंपणाशी गेले.

"घाबरतं काहून?" आई म्हणाली. "पत्रा कसा तापला हाये पाह्य. आपल्या अंगणात तं सावलीच हाये."

तेवढ्यात शिल्पकार वर्कशॉपमधून आली. मी माफी मागू लागले, पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती वाकून एकेक कुरडई बघत होती. आईनं सोऱ्या तिच्या हातात दिला. तिची पहिली शेव थेट शेजारच्या दोन कुरडयांवरून गेली. मग आईनं तिचं मनगट धरून गोल फिरवून दाखवलं.

नंतर आईनं मला विचारायला लावलं, हा पत्रा आहे तरी काय? मला अवघडल्यासारखं झालं, तरी विचारलं. शिल्पकारानं सांगितलं, वडील गोदीत जहाजं बांधायचे. लहानपणी ती क्रेनला टांगलेले पत्रे बघत बसायची.

"एवढे जड, पण वाऱ्यानं पडद्यासारखे झुलायचे. तेच आणायचा प्रयत्न करतेय."

मी मराठीत सांगितलं. आईनं पत्र्यावर हात ठेवून जरा दाबून पाहिलं.

"हालत नाही, सांग तिले. पण वाटते, आता हालंन."

हे वाक्य शिल्पकारानं माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं आणि आईला घट्ट मिठी मारली. आईला ते सवयीचं नव्हतं. ती सोऱ्या सांभाळत तशीच उभी राहिली.

पाऊस आलाच. चादर धरून आम्ही तिघी वर्कशॉपकडे पळालो. कुरडया तिथल्या हीटरपाशी वाळल्या आणि तिच्याच स्वयंपाकघरात तळल्या गेल्या.

आता आई दर मे महिन्यात येते, सोऱ्या घेऊन. मागच्या वसंतात गॅलरीवाले तो पत्रा न्यायला आले, तेव्हा शिल्पकारानं त्यांना जून उजाडेपर्यंत थांबायला सांगितलं.